पहिल्या पर्यायावर मोठेबाबा

मेहकरच्या स्टँडवर बस लागली तेव्हा बाबांनी खिडकीखाली उभं राहून मला एकच गोष्ट तीनदा सांगितली. "मोठेबाबा सांगतील तसंच करजो." मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वीस वर्षांपासून मालाडला. बारावी झाली होती, सीईटी झाली होती आणि इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनसाठी मी मुंबईला निघाले होते. बस हलेपर्यंत बाबा गजाला धरून होते आणि मी मान हलवत होते. मान हलवण्यात मी तेव्हा पटाईत होते.

मोठेबाबा अंधेरीच्या एका ऑफिसात हेडक्लार्क. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवून टाकलं: कॉम्प्युटर घ्यायचं, तेही अंधेरीच्या कॉलेजात. मला सिव्हिल हवं होतं. माझे बाबा गवंडी आहेत. त्यांचा ओळंबा मी लहानपणापासून धरलाय, भिंतीला विटा किती लागतील ते चौथीपासून तोंडी सांगतेय. मोठेबाबांना हे घाबरत घाबरत सांगून पाहिलं. ते म्हणाले, "म्हणजे परत सिमेंटच खायचं? मग गाव सोडलं कशाला आम्ही?" मी मान हलवली.

मग मी डोकं चालवलं, म्हणजे स्वतःची वाट लावून घेतली. ऑनलाइन फॉर्ममध्ये कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची असतात. मी पहिल्या नंबरवर मोठेबाबांचं कॉम्प्युटर टाकलं आणि दुसऱ्यावर माझं सिव्हिल. लग्नपत्रिकेत वडीलधाऱ्यांची नावं वर घालतात, अगदी तसं. त्यांचा मान राहील, आणि ते कॉलेज माझ्या मार्कांना थोडंच मिळतंय, असा माझा हिशेब. फॉर्म कन्फर्म करायचा तेवढा राहिला होता.

शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी, मोठ्या आईने, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोने, मला जवळच्या बुद्धविहारात पाठवलं. तिथे दर रविवारी तांबेताई नावाच्या एक बाई पोरांचे फॉर्म तपासायच्या. करिअर गायडन्सचा बोर्ड वगैरे काही नाही, एक सतरंजी आणि त्यांचा जुना लॅपटॉप. त्यांनी माझी यादी वाचली आणि विचारलं, "काय गं, तुला काय व्हायचंय?"

हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. "सिव्हिल इंजिनिअर," मी म्हटलं.

"मग ते दोन नंबरला का?"

मी मानाचं सांगितलं. ताई हसल्या नाहीत. "पहिलं कॉलेज लागलं ना, तर ते घ्यावंच लागतं. पुढच्या फेरीत बसता येत नाही. आणि तुला हे लागणार. गेल्या वर्षीची यादी बघ." बघितली. माझे मार्क तिथल्या शेवटच्या मुलापेक्षा चांगलेच वर होते. चार वाजून गेले होते आणि फॉर्म पाचला बंद होणार होता.

क्रम बदलणं दोन मिनिटांचं काम. पण कन्फर्म करायला ओटीपी लागतो, आणि गावच्या सायबर कॅफेवाल्याने नोंदणीत बाबांचा मोबाइल टाकला होता. म्हणजे गुपचूप काही उरकता येणार नव्हतं. फोन लावला, लागेना. परत लावला. कामावर असले की बाबा फोन जेवणाच्या पिशवीत ठेवून देतात. ताई म्हणत होत्या, "लावत राहा गं, थांबू नको." मी लावत राहिले आणि घड्याळाकडे बघायचं बंद केलं.

पाचला बारा मिनिटं असताना बाबांनी उचलला. म्हटलं, "बाबा, एक मेसेज येईल, त्यातले आकडे सांगा."

"काहून? दादाले इचारलं का?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. सगळं भडाभडा सांगून टाकलं. मागे काँक्रीट मिक्सरची घरघर ऐकू येत होती. "उनात उभं राहा लागते," एवढंच ते म्हणाले. मग एक एक आकडा सांगितला, दोनदा.

सिव्हिल मिळालं. मोठेबाबांना कसं सांगायचं या धास्तीने माझं जेवण उडालं होतं, पण माझ्याआधी बाबांचा फोन पोचला. "म्याच सांगतलं तिले सिव्हिल भराले." थोरल्या भावापुढे जन्मात शब्द न काढलेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. मोठेबाबांनी फोन ठेवला तो ठेवलाच. मी हॉस्टेलवर गेले. दोघा भावांचं बोलणं बंद झालं आणि मी गप्प बसले, याची मला आजही लाज वाटते.

आता मी मुलुंडला एका साइटवर इंटर्नशिप करते. शटरिंग, स्लॅब, काँक्रीटच्या ठोकळ्यांची क्यूब टेस्ट, दिवसभर हीच भाषा. बाबा बरोबर होते, उन्हात उभं राहावं लागतं. जूनमध्ये गावाकडून पोरींचे फोन येतात, ताई, कुठली ब्रँच घेऊ? मी आधी विचारते, नोंदणीत मोबाइल कुणाचा टाकलाय? त्या हसतात. मी हसत नाही. इतकी वर्षं मुंबईत कुणी घर कुठं म्हणून विचारलं की मी गावाचं नाव सांगायचे आणि मालाड गिळून टाकायचे.

गेल्या महिन्यात मालाडला गेले तेव्हा न राहवून मोठेबाबांना खरं सांगितलं. बाबांचा दोष नाही, क्रम मीच बदलला होता. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "माहितेय मला. तुझा बाप सुखदेव कधी माझ्यापुढे बोलला नाही. एकदम बोलला, तेव्हाच कळलं ना."

"मग त्यांना फोन का नाही करत?"

पेपर खाली आला. "तुम्हा दोघांना माझ्याशी खोटं बोलावं लागलं. इतका वाईट आहे का गं मी?"

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. मी बाबांचा नंबर लावला, "मोठेबाबांशी बोला" म्हणत स्पीकर चालू केला आणि मोबाइल मोठेबाबांच्या हातात दिला.

"हां दादा, बोल."

"तू बोल."

"नाही, तू बोल ना."

बराच वेळ दोघांचं एवढंच चाललं होतं. मी स्वयंपाकघरात गेले. तीन वर्षं त्या घरी गेले की मी पाणीसुद्धा विचारून प्यायचे. त्या दिवशी मोठ्या आईला बाजूला बसवलं, न विचारता साखरेचा डबा काढला आणि सगळ्यांचा चहा टाकला.