बाहेर तोंड केलेल्या चपला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता मी न सांगितलेलं असं काही उरलंय का, हा प्रश्न आमच्या घरात कुणीही विचारेल. लग्न असो, बारसं असो, पंगत बसली की माझं जपानी आजीपुराण सुरू! आजोबा मालवणकडचे, बोटीवर खलाशी. कोबे बंदरातून फुमिकोला घेऊन परळच्या चाळीत आले. तिची सुशीला झाली. मालवणी तर अशी शिकली की नळावरच्या भांडणात शेजारणी माघार घ्यायच्या.

एक सवय मात्र तिनं सोडली नाही. पाहुणा आत आला की त्याच्या चपला फिरवून ठेवायची. तोंड बाहेर, जाताना पाय सरकवायला सोपं. चाळीला आधी वाटलं, हाकलतेय. "सुशीलावैनी, चाय तरी पिवक देशात ना?" पाहुण्यांच्याच फिरवायची हं. घरच्यांच्या पडतील तशा.

आता माझी मुलगी दादरला जपानी शिकते. दारावरच्या पाटीवर तिनं पणजीचं खरं नाव त्या अक्षरांत लिहिलंय. येईल त्याला मी ते वाचून दाखवतो — मला वाचता येत नाही, तरीही. छाती फुगते माझी. ते काही खोटं नाही.

पण तेव्हा?

कॉलेजात होतो. बारीक डोळ्यांवरून मित्र छळायचे, मी हसून वेळ मारून न्यायचो. गणपतीत ते न सांगता दर्शनाला आले. आजी मोदकांचं ताट घेऊन आली. एकानं हळूच विचारलं, "ह्या कोण रे?"

मी म्हणालो — कसं लिहू? — म्हणालो, "शेजारच्या. नेपाळच्या आहेत."

तिला कमी ऐकू यायचं, असं मी स्वतःला कितीदा पटवलंय! टाचणी पडली तरी ऐकायची ती. तिनं ताट खाली ठेवलं. घरात मालवणीशिवाय न बोलणारी माझी आजी शुद्ध मराठीत "येते हं" म्हणाली, आणि स्वतःच्या घरातून उठून गॅलरीत जाऊन उभी राहिली. मित्र जाईपर्यंत. मी एकदाही बाहेर डोकावलो नाही.

त्यांना सोडायला उठलो तेव्हा उंबऱ्याबाहेर सगळ्यांच्या चपला ओळीनं लावलेल्या होत्या, तोंडं जिन्याकडे.

ओळीच्या शेवटी माझ्या. त्याही फिरवलेल्या.