दीडचा भोंगा

दुपारची झोप ही माझी एकुलती एक चैन. पहाटे पाचला दिलसुखनगरच्या कोचिंग सेंटरात भौतिकशास्त्र शिकवायला उभं राहायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. मधे जी दोन-तीन तासांची फट उरते, तिच्यात मी आडवी होते. दहा वर्षांपूर्वी विद्यानगरच्या या इमारतीत राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी, दुपारी बरोबर दीड वाजता, शेजारच्या गॅलरीतून आवाज आला, "भूंऽऽऽऽ". आधी वाटलं म्हैस. पण तिसऱ्या मजल्यावर म्हैस कुठून येणार? पुढच्या दिवशी दीडला पुन्हा तोच आवाज, तेवढाच लांब, तेवढाच सरळ. चौथ्या दिवशी मी पदर खोचून भांडायला गेले.

दार उघडणारे गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे. लुंगी, बनियन, आणि गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली चार तारांची गिटार. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. "एक मिनिट थांबा मॅडम, सूर सुटंल." डोळे मिटून ते एक खुंटी पिळत राहिले. मग मान हलवून म्हणाले, "हां. बसला. आता बोला."

"हा तोंडानं आवाज कसला काढता तुम्ही?"

"भोंगा हाय. आमच्या फॅक्टरीचा."

"फॅक्टरी कुठंय इथं?"

"बंद पडली की. म्हणून तर मी वाजवायलो."

या उत्तराशी काय भांडणार? मी चहा पिऊन परत आले. किसनकाका वाघमाऱ्यांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

काका मूळचे उदगीरकडचे. मॅट्रिक होऊन हैदराबादला आले आणि एका सरकारी कारखान्यात लेथ मशीनवर लागले. तिथं दुसऱ्या पाळीतल्या चौघांनी मिळून एक रॉक बँड काढला. नावासाठी डोकं चालवायची गरजच पडली नाही, 'सेकंड शिफ्ट'. सिकंदराबादचा मेल्विन गायचा आणि मुख्य गिटार वाजवायचा, सत्यम दुसरी गिटार धरायचा, हबीब ड्रमवर, आणि काका बेस गिटारवर. काकांची पहिली बेस परदेशातून आलेल्या मशीनच्या खोक्याच्या फळ्यांची होती. तिच्या पाठीवर 'ही बाजू वर' असा अर्थ सांगणारा बाण शेवटपर्यंत दिसत होता. शर्ट खाकी, कारखान्याच्याच कापडाचे, पण विजारी खाली इतक्या घेरदार की फोरमननं लेथजवळ त्यांना सुतळीनं घोटे बांधायला लावले. सिकंदराबादच्या नाताळच्या नाचाला ही मंडळी वाजवायची आणि जुन्या शहरातल्या लग्नांतही. "एका निकाहात तर," काका सांगायचे, "हबीबनं असा ड्रम बडवला की दूल्ह्याची घोडी नवरीच्या दारातून उलटी फिरली. आमाला जेवण मिळालं, पण मागच्या दारानं."

सरावाला वेळ फक्त अर्धा तास. दीडला पहिला भोंगा व्हायचा, पाळीच्या लोकांनी तयार राहावं म्हणून. दोनला दुसरा, कामावर हजर. मधल्या अर्ध्या तासात ही चौकडी सायकल स्टँडच्या पत्र्याखाली वाजवायची. सूर लावायला पेटी नव्हती, काही नव्हतं. मग दीडच्या भोंग्यालाच तारा लावायच्या आणि दोनच्या भोंग्याला गिटारी खोळीत घालायच्या. त्यामुळे त्यांची सगळी गाणी आखूड, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी एक लांब सूर. तो सूर चालू असतानाच दोनचा भोंगा त्यात येऊन मिसळायचा. ऐकणारे कामगार टाळ्या वाजवत वाजवतच गेटकडे पळायचे.

मी पडले भौतिकशास्त्रवाली. एक दिवस फोनवर काकांच्या आवाजाची कंपनं मोजली आणि त्यांना खुशाल सांगितलं, "काका, तुमचा भोंगा बेसूर आहे. दोन सुरांच्या मधे लटकतोय, ना इकडचा ना तिकडचा."

"मंग बराबर हाय," काका म्हणाले. "तो तसाच होता."

पुढं गंमत म्हणून मी महिनाभर मोजत राहिले. आकडा केसाएवढासुद्धा हलला नाही. कारखाना बंद होऊन भोंगा भंगारात गेल्याला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मग मात्र मी चेष्टा थांबवली आणि त्यांच्याकडे बेस शिकायला लागले. वय वर्षं एकेचाळीस. पहिल्याच दिवशी बोटांना फोड आले. काका म्हणाले, "बेस म्हंजे वरणातलं मीठ. हाय तवर कोणी नाव घेत नाही." सुमनकाकू आतून ओरडल्या, "आणि नसलं की सगळे ताट सरकवतात. तसंच झालं ना मद्रासला?" काकांनी माझं बोट उचलून दुसऱ्या तारेवर ठेवलं. तेव्हा मला मद्रासचं काही माहीत नव्हतं.

ते हबीबचाचांनी सांगितलं. चाचा नारायणगुड्याला राहतात, दर रविवारी यायचे आणि ड्रमच्या काड्यांनी काकूंच्या डब्यांची झाकणं बडवायचे. एका रेकॉर्ड कंपनीनं सेकंड शिफ्टला मद्रासला बोलावलं होतं. चौघं रजा टाकून रेल्वेनं गेले. स्टुडिओतल्या ऑर्गनचे सूर ठरलेले, तो काही भोंग्याला लावता येत नव्हता, तेव्हा यांनीच तारा चढवायला हव्या होत्या. मेल्विननं चढवल्या, सत्यमनं चढवल्या. काका खुंटीला हात लावणार, तेवढ्यात ऑर्गनवाला हसून म्हणाला, "जल्दी करो भाई, ये तुम्हारी फैक्टरी नहीं है."

"बस, किशन का भेजा सटक गया," चाचा म्हणाले. "गिटार खोळ में डाला, बाहर जाके बैठ गया. मेल्विन पाँव पड्या उसके. नक्को बोला तो नक्कोच."

रेकॉर्ड झालीच नाही. परतीच्या गाडीत मेल्विन वेगळ्या डब्यात बसला. वर्षभरात तो ऑस्ट्रेलियाला, पर्थला निघून गेला. पुढं सत्यम वारला. सेकंड शिफ्टची मागे राहिली ती एक टेप, कारखान्याच्या वार्षिक दिनाची.

मी काकांना स्पष्टच विचारलं, "एवढ्याशा बोलण्यावरून?" त्यांनी बराच वेळ एकच तार हळूहळू वाजवली. मग म्हणाले, "मॅडम, माझा आजा गावातल्या लग्नांत हलगी वाजवायचा. वाजवायला सगळ्यांच्या पुढं, जेवायला सगळ्यांच्या मागं, तेबी लांब बसून. गावची घंटा, गावचा ढोल, आमच्यासाठी कधीच काही वाजलं नाही. फॅक्टरीत पहिल्यांदा भोंगा ऐकला. तो सगळ्यांसाठी एकच वाजायचा. साहेब, फोरमन, मी, एका गेटातून आत. त्याला कोणी हसलं की माझं डोस्कं फिरतं." खुंटीवर बोट ठेवून ते म्हणाले, "पण चूक माझीच. हसला ऑर्गनवाला, आणि मी शिक्षा दिली मेल्विनला. त्याचा गळा साऱ्या देशानं ऐकायला पायजे होता."

"मग लिहायचं ना त्यांना."

"काय लिवू? माफी मागायला बी सूर लागतो. मी तो रोज दीडला जपून ठेवायलो. कधी आलाच तो, आणि विसरला असला, तर मपल्याकडं असावा."

आता कळलं, म्हाताऱ्याच्या त्या म्हशीच्या आवाजात काय होतं ते. त्या दुपारी मला झोप लागली नाही.

आणि मग एका मुलीनं सगळं हलवलं. हबीबचाचांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीनं ती वार्षिक दिनाची टेप इंटरनेटवर टाकली. 'गेट नंबर दोन' हे त्यांचं दख्खनी, तेलुगू आणि इंग्रजीची खिचडी असलेलं गाणं पोरांनी उचलून धरलं. हैदराबादेतले चार-पाच बँड ते वाजवायला लागले. पण टेपबरोबर वाजवू जावं, तर कुणाचाच सूर जुळेना. टेप हळू चालली असणार, मशीन खराब असणार, अशी पंडितांची चर्चा सुरू झाली. मी ती काकांना वाचून दाखवायचे आणि ते खवळायचे. "मशीन बराबर था! त्या येड्या हौल्यांना सांगा!" एका दुपारी त्या चर्चेत नवी ओळ आली, इंग्रजीत. मी मराठी करून वाचली, "टेप बरोबर आहे. आमचा भोंगाच तसा होता. मेल्विन, पर्थ."

काकांनी चष्मा काढला. "परत वाचा." मी परत वाचली. "आमचा म्हणाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, आमचाच लिहिलंय. ते उठून गॅलरीत गेले आणि कपडे वाळत नसलेल्या दोरीला उगीच चिमटे लावत बसले.

पत्ते जुळवायचं काम मी आणि चाचांच्या नातीनं केलं. मेल्विन नाताळसाठी सिकंदराबादला बहिणीकडे येणार होते. एक दिवस इकडे येतो म्हणाले. फोनवर काकांशी मात्र बोलले नाहीत, आणि काकांनीही फोन मागितला नाही. डॉक्टरांनी तेव्हा काकांना जिनाही चढायला बंदी केली होती, हृदय आता फार दिवसांचं राहिलं नव्हतं. काकू मला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाल्या, "हे दोघं एकदा सोबत वाजवले की माझी काळजी मिटली. न वाजवता गेले, तर हे सुखानं जायचे नाहीत बघ."

ते आले तो रविवार होता. मेल्विन उंच, पाठीत वाकलेले, पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेले. दारात दोघं समोरासमोर उभे राहिले. "क्या किश, बुड्ढा हो गया रे," मेल्विन म्हणाले. "तू कौनसा दूल्हा है," काका म्हणाले. बस, एवढंच. मद्रासचं कुणी नाव काढलं नाही. काकूंनी खारी आणि चहा ठेवला. हबीबचाचा डबे मांडून बसले. दीड वाजत आला तशी माझी नजर घड्याळावर गेली, पण काका काही गॅलरीत गेले नाहीत. दोघांनी गिटारी घेतल्या. 'गेट नंबर दोन'. चाचांनी झाकणावर चार ठोके दिले.

पहिल्याच झटक्याला असा काही कर्कश आवाज निघाला की काकूंच्या हातातली बशी निसटली. दोन्ही गिटारी एकमेकींच्या अंगावर धावून गेल्यासारख्या वाटल्या. दोघांचेही हात थांबले. मला वाटलं, मद्रासच पुन्हा.

मग मेल्विन हळूच म्हणाले, "किश, तू किधर लगाया?"

काका मान खाली घालून म्हणाले, "ऑर्गन का लगाया. सबेरेच. मैं चढ्या रे, तेरे वास्ते."

मेल्विननी गिटार मांडीवर आडवी ठेवली. "और मैं उतरा. पर्थ में उस टेप पे लगा लगा के. भोंगे पे उतरा, तेरे वास्ते."

हबीबचाचा डबे सोडून असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. "चालीस साल सोचे दोनों, और फिर बेसुरे के बेसुरे!" मेल्विन हसले, काकू हसल्या. काकांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला. त्यांचे खांदे हलत होते, आणि ते हसत नव्हते. मेल्विन उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माझेही डोळे भरून आले, लपवायचं कशाला.

थोड्या वेळानं काकांनी टॉवेल काढला. मला वाटलं, आता गॅलरीकडे तोंड करून भोंगा देतील. कुणालाही तसंच वाटलं असतं. पण काका मेल्विनला म्हणाले, "तू तार छेड. मैं तेरा सुर लेताऊँ." मेल्विननी तार छेडली, आणि चाळीसहून जास्त वर्षं जो सूर त्यांच्या स्वतःच्या गळ्यात होता, तो काकांनी त्या दिवशी मेल्विनच्या तारेवरून, जणू पहिल्यांदाच ऐकतोय असा, एकेक खुंटी पिळत घेतला. मग ते दोनपर्यंत वाजवत राहिले. शेवटचा लांब सूर त्यांनी तसाच धरून ठेवला. त्यात मिसळायला काहीच आलं नाही, तरी कुणाला हात उचलवेना.

दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं, शेवटी कोणता सूर बरोबर होता? म्हणाले, "सूर कोणता बी चालतो पोरी. आधी समोरच्याला इचारायचं, तू कुठं हाइस? मी ते मद्रासला इचारलं नाही, आणि काल सकाळी बी इचारलं नाही." त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा मॅडम न म्हणता पोरी म्हटलं.

उन्हाळा लागता लागता काका गेले. दुपारचे जेवले, पडले, उठले नाहीत. काकूंनी बेस माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मीठ तुझ्याकडं ठेव." हबीबचाचांच्या नातीच्या बँडमध्ये मी अधूनमधून वाजवते. मुलींनी सूर चढा हवा म्हटलं की चढवते, उतरा हवा म्हटलं की उतरवते. त्यांना वाटतं आंटी फार समजूतदार आहेत.

दुपार आता पूर्ण माझी आहे. दीड वाजता शेजारून चकार शब्द येत नाही, आणि त्या शांततेनं मला रोज जाग येते. रविवारी मात्र त्याच वेळेला पर्थहून फोन येतो. मेल्विनअंकलचे कान अजून तरुण आहेत, भोंग्याचा सूर त्यांच्या बोटांत आहे, घरी टेपही आहे. त्यांना माझी काही गरज नाही. तरी ते दर वेळी विचारतात, "मैडम, तुम किधर है?" मी तार छेडते, आणि ते माझ्याशी जुळवून घेतात.