शिंगाच्या रंगातली मोटार

धारूरहून शिवाचा फोन आला तेव्हा मी माझ्या मोबाइलच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या फोनला काच बसवत होतो. "दत्ताकाका, अप्पा गेले," एवढंच तो बोलला. मन्मथअप्पा... शिवाचे वडील, आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या मूर्खपणाचं एकमेव गिऱ्हाईक. महिना उलटला, तरी त्यांच्याविषयी लिहायला बसलो की रडू यायच्या आधी हसूच येतं. त्याला मी तरी काय करू?

अप्पांचं धारूरच्या पेठेत बैलांच्या साजाचं दुकान. कासरे, घुंगरमाळा, गोंडे, पोळा जवळ आला की शिंगांचे रंग. पण माणसं यायची ती त्यांच्या नजरेसाठी. बैल कुणाचाही असो, त्याची पारख अप्पांनी करायची आणि सौदा त्यांच्या उपरण्याखाली व्हायचा. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे. जितकी बोटं, तितकी किंमत. मूठ मिटली तर काहीच नाही. आणि खाली काय ठरलं ते तिसऱ्याला जन्मात सांगायचं नाही.

नव्वदीनंतरचे दिवस होते ते, तेव्हा मीही धारूरलाच राहायचो. गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडत होते आणि मला तसला एक बूथ लई म्हणजे लईच हवा होता. घरात विकण्यासारखं होतं फक्त एक खोकं. माझे चुलते हैदराबादला एका गोऱ्या इंजिनिअरकडं ड्रायव्हर होते. मायदेशी जाताना त्यानं ते त्यांना दिलेलं. आत जुन्या विलायती मोटारीचे प्लास्टिकचे सुटे भाग, चौकटींना तसेच चिकटलेले. ते काढून, डिंकानं जोडून, घरच्या घरी इवलीशी मोटार करायची. वाळवीनं खोक्याचा कोपरा खाल्लेला, एक चाक गायब, पुढची काच तडकलेली. अशात पेपरात पुण्याच्या एका शौकिनाची जाहिरात दिसली: असले जुने संच हवेत. मी पत्र टाकलं आणि साहेबांचं उत्तर आलं, मी स्वतः येतो! मी तेच पत्र दिवसातून दहादा वाचायचो. बूथच्या काचेवर माझं नाव कुठल्या रंगात लिहायचं, हेसुद्धा ठरलं होतं.

खोकं घेऊन पळत अप्पांकडं गेलो. त्यांनी चष्मा पुसला, फडकं अंथरलं आणि बैलाचे दात पाहावेत तसा एकेक भाग मोजला. चाकं खुरांसारखी दाबून पाहिली.

"अंगानं नामी हाय," ते म्हणाले. "एक पाय न्हाई, डोळ्यात फूल पडलंय. पण खांद्याला अजून जू लागलेलं न्हाई बे. यालाच पैसा हाय. हात लावू नको."

मी मान डोलावली. आणि साहेब यायच्या आदल्या दिवशी मला वाटलं... बाजाराला जनावर न सजवता कुणी नेतं का? गेलो अप्पांकडंच, शिंगांचा तांबडा हिंगूळ आणि पोपटी रंग मागायला.

"कावून रे? तुझ्याकडं बैल कवा आला?"

"मामांचा हाय," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी साहेब बसमधून उतरले ते थेट अप्पांच्या दुकानात, कारण सौदा अप्पाच करणार होते. मी जादूगारासारखं खोकं उघडलं. लालभडक मोटार, पोपटी छत, दारांना बेगड, चौथ्या चाकाच्या जागी घुंगरू! साहेब डोळे मोठे करून पुढं वाकले. मला वाटलं, हरखले.

"हे... हे कुणी केलं?"

"मीच की!"

ते खाली बसले. "वाळवी चालली असती, काच चालली असती, तीन चाकंही चालली असती. न जोडलेला संच होता हो तो. आता याला मोल नाही." चहा अर्धाच टाकून ते परतीच्या बसला गेले.

मी कासऱ्यांच्या ढिगाकडं तोंड करून उभा राहिलो. बूथ गेला होता आणि अप्पांना तोंड दाखवायची सोयही राहिली नव्हती. मागून आवाज आला, "मामाच्या बैलाला रंग शोभतो बरं का!" आणि अप्पा हसत सुटले... पार डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं.

"आण हात."

"अप्पा, तिची किंमत न्हाई आता. तुमीच ऐकलं की."

"पुण्याच्या बाजारात न्हाई. धारूरचा बाजार मी करतो. आण!"

उपरण्याखाली मी मूठ घट्ट मिटली. काहीच नको. अप्पांनी माझा अंगठा सोडवला. मी पुन्हा मिटला. त्यांनी पुन्हा सोडवला, मग एक बोट, मग दुसरं... विकणारा किंमत पाडतोय आणि घेणारा चढवतोय, असा सौदा त्या पेठेत आधी झाला नसावा. किती बोटांवर थांबलो ते सांगणार नाही. त्या बोटांवर माझा बूथ उभा राहिला, एवढंच.

परवा धारूरला गेलो. मोटार गल्ल्याच्या वरच्या फळीवर, घुंगरू अजून जागेवर. शिवा म्हणाला, "लई जणांनी मागितली. अप्पा म्हणायचे, तुला झेपायची न्हाई, महाग हाय."

"मला देतोस?"

त्यानं खुंटीवरचं उपरणं काढलं आणि आमच्या हातांवर टाकलं. मी आत चाचपलं. शिवाची मूठ मिटलेली होती, घट्ट.

मी त्याचा अंगठा सोडवला.