ठकूबाईच्या नावावर इश्यू झालेला जरीदा

दोन दिवस मी पुस्तकात पाण्याचा हौद शोधत होतो आणि तो काही सापडत नव्हता.

टेबलावर उर्दूतले दोन जाडजूड खंड उघडे पडले होते. डोळ्यांची आग होत होती, नाकात धूळ गेली होती. बाहेर वैशाखाचं ऊन. ओट्यावर ठकूबाई बसलेली. घटका झाली की ती दारातून डोकावायची आणि तेच विचारायची, "घावला का हो मास्तर?"

"घावला की सांगतो ना बाई! सारखं सारखं कशाला विचारता?" मी खेकसलो.

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. ती परत ओट्यावर जाऊन बसली. माझ्या खेकसण्याचं तिला काही नव्हतं. तिच्या मेंढरांना पाणी नव्हतं.

जरा मागचं सांगतो. तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यावर निजामाचं राज्य होतं आणि मी नेकनूरपासून दोन कोसांवरच्या एका कसब्यात लायब्ररियन होतो. लोक मला मास्तर म्हणत. लायब्ररी म्हणजे काय, तर एक खोली, एक ओटा आणि चार कपाटं. तीन मराठीची, एक उर्दूचं. पुस्तक घरी न्यायचं तर मेंबर व्हावं लागे. आत बसून वाचायला मात्र कुणालाही मोकळीक होती. सरकारनं लायब्ररी उघडायला जो इजाजतनामा, म्हणजे परवाना, दिला होता त्यात तसं कलमच होतं. तो परवाना आम्ही फ्रेम करून भिंतीवर टांगला होता. टांगल्यामुळे कुणी वाचत नसे.

ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी मी रोज दिवस कलला की ओट्यावर बसून तासभर वर्तमानपत्र वाचून दाखवी. कुणबी यायचे, धनगर यायचे, बाजाराच्या दिवशी नेकनूरहून परतणारे लोकही टेकायचे. ठकूबाई त्यांतलीच. कड्याकडची धनगरीण. नवरा वारलेला. दर उन्हाळ्यात दोन दिरांसोबत मेंढरं घेऊन आमच्या बाजूला उतरायची.

त्या दिवशी वाचन संपलं, सगळे उठून गेले, ही बसूनच राहिली.

"मास्तर, तुमच्या कपाटात समदं लिव्हल्यालं असतंय म्हनत्यात."

"समदं नाही. पण बरंच असतं."

"मग आमचा हौद हाय का त्यात, तेवढं बघा."

गावात वाटसरूंच्या मुक्कामाची सराय होती. तिच्या अंगाला एक विहीर होती आणि विहिरीला लागून जनावरांचा हौद. दर साली तिची मेंढरं तिथंच पाणी प्यायची. या वर्षी रंगराव देशमुखांनी विहिरीला आणि हौदाला बाभळीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं होतं. पाणी त्यांच्या मळ्याला जात होतं. विचारायला गेलं की म्हणायचे, हौद माझ्या बापानं बांधलाय.

"कसला ह्याचा बाप बांधतोय!" ठकूबाई उसळून म्हणाली. "म्या सोता दगड वाहिल्यात तिथं. सरकारनं दुष्काळाचं काम काढलतं. मी तवा पोरगी हुते."

मांजरेच्या पात्रात नुसती वाळू होती. दुसरं पाणी म्हणजे थेट गंगा, म्हणजे गोदावरी. मेंढरं हाकत चार दिवसांची वाट. मोठी जनावरं कशीबशी पोचली असती. नुकती जन्मलेली कोकरं पोचली नसती. शेजारच्या एका मळेकऱ्यानं दिवसाला चार घागरी द्यायचं कबूल केलं होतं, त्यावर ती दिवस ढकलत होती.

"आनखी चार दिस काढते," ती म्हणाली. "मग निघावंच लागंल."

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. रंगराव देशमुख आमच्या लायब्ररीचे अध्यक्ष होते. म्हणजे माझे साहेब.

मी म्हणालो, "बघतो." हा शब्द मी एरवी माणसाला वाटेला लावण्यासाठी वापरतो. पण त्या बाईनं स्वतः दगड वाहिले होते आणि आज तिलाच पाण्यापासून हुसकत होते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बघतोच!

आता जरीदा म्हणजे काय ते सांगतो. जरीदा म्हणजे सरकारी गॅझेट. सरकारनं विहीर खोदली, सराय बांधली, रस्ता काढला की त्याची नोटीस जरीद्यात छापून येते. तहसील कचेरीत जागा उरली नाही म्हणून जुने अंक पोत्यांत भरून आमच्याकडे पाठवले होते. नोकरीला लागलो तेव्हा मी ते सगळे लावले, सालवार खंड बांधून घेतले, पाठीवर सालाचा आकडा छापून घेतला. माझं मलाच कौतुक वाटायचं. पुढं ते कुणी उघडले नाहीत. रंगराव पेपर वाचताना एखादा खंड कपाटातून काढून त्यावर पाय ठेवायचे, तेवढाच उपयोग.

मी ठकूबाईला विचारलं, "हौद कधी झाला? साल सांगा."

"साल मला काय ठावं? मोठा दुष्काळ पडला, त्याच्या फुडल्या सालच्या संक्रांतीला हौदात पयलं पानी पडलं. आमी बायांनी पूजा केलती."

मोठ्या दुष्काळाचं साल मला ठाऊक होतं, त्यामुळे एवढं पुरेसं होतं. सरकारी दफ्तरात फसली साल चालायचं, त्याचे महिने वेगळे. संक्रांत येते इस्फंदार महिन्यात. त्या सालाचा खंड काढला, इस्फंदार उघडला, ओळ न् ओळ वाचली. हौद नाही. पुढचे महिने वाचले. नाही. सरकारी नोटीस उशिरा निघते, वेळेआधी कधी निघत नाही, म्हणून पुढच्या सालाचा खंड घेतला. त्यातही नाही. यात दोन दिवस गेले. तिच्या चारांतले दोन.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वैतागून खंड टेबलावर आपटला. पान उलटलं आणि नजर पानाच्या माथ्यावर गेली. महिना इस्फंदार. साल मात्र पाठीवरच्या आकड्यापेक्षा एकानं पुढचं.

अरे देवा! मी कपाळावर हात मारून घेतला.

झालं होतं असं. फसली साल सुरू होतं दसऱ्याच्या सुमाराला. मी जन्मलो ते गुढीपाडव्याला नवं वर्ष मानणाऱ्या घरात. अंक लावताना मी काहीएक विचार न करता पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचे गठ्ठे केले आणि त्यांच्या पाठीवर सरकारी सालाचे आकडे छापले. त्यामुळे प्रत्येक खंडात दसऱ्यापासून पुढचा सगळा मजकूर पुढच्या सालाचा होता. सगळेच्या सगळे खंड चुकलेले. आणि दोन दिवस मी पानांवरचा मजकूर वाचत होतो, माथ्यावरचं साल वाचत नव्हतो. ते कशाला वाचायचं, आकडा तर मीच छापून घेतला होता!

मला हवी होती ती संक्रांत आधीच्या खंडात होती. त्या खंडाला मी हातही लावला नव्हता. काढला आणि थोड्याच वेळात नोटीस सापडली. सरायलगतची विहीर आणि हौद सरकारी खर्चानं बांधला असून तो गावच्या आणि वाटेनं जाणाऱ्या जनावरांसाठी खुला आहे, कुणाही खाजगी इसमाचा त्यावर हक्क नाही. गावाचं नाव, सरायचं नाव, सगळं स्वच्छ.

मी ओट्यावर येऊन तिला मराठीत सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि उठून उभी राहिली.

"मग चला. काढा त्ये काट्याचं कुपान."

"असं नाही होत बाई. उद्या अव्वल तालुकदार दौऱ्यावर येताहेत. त्यांनी हे ऐकलं पाहिजे."

अव्वल तालुकदार म्हणजे आताच्या भाषेत कलेक्टर. दौऱ्यात ते शाळा, दवाखाना आणि लायब्ररी बघत. रंगराव आठवडाभरापासून तयारीला लागले होते. वाचनाच्या तासालाच साहेबांना आणायचं आणि ओटा माणसांनी भरलेला दाखवायचा, असा त्यांचा बेत होता.

चौथ्या दिवशी मी मुद्दाम तासभर आधी लायब्ररी उघडली. ठकूबाई दारातच होती. कपाटातून तो खंड काढला, इश्यू रजिस्टर उघडलं, 'आत बसून वाचन' या रकान्यात तिचं नाव लिहिलं आणि अंगठा घेतला.

"हे घेऊन ओट्यावर बसा. मी मागेपर्यंत कुणाला देऊ नका."

"कुनाला बी?"

"अध्यक्षांनाही."

तिनं खंड घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतला.

दुपारी रंगराव आलेच. गावात गोष्ट लपते कुठं? आत आले ते थेट उर्दूच्या कपाटाशी.

"मास्तर, त्या कपाटाची किल्ली द्या."

मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी कपाट उघडून पाहिलं.

"यातलं एक बाड कमी हाय."

"इश्यू झालंय."

"कुनाला?"

"बाहेर बसल्यात त्या. ठकूबाई."

"अवो, तिला वाचता येतंय का?"

"नियमात तसं विचारायचं नाही, अध्यक्षसाहेब." मी भिंतीवरचा परवाना दाखवला. "वाचकानं परत केल्याशिवाय आपल्याला घेता येत नाही."

रंगराव ओट्यावर गेले. ठकूबाईनं पदर सारखा केला आणि खंडावर दोन्ही हात ठेवले. तयारीसाठी आलेली माणसं हातातलं काम सोडून बघत होती. रंगराव गडी जबरा, पण बाईमाणसाच्या मांडीवरची वस्तू चारचौघांत ओढायची कशी? परत आत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"लायब्ररी वाचायला हाय, भांडनं लावायला न्हाई. आज काय तमाशा झाला तर उद्या येऊ नका."

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू? घरात खाणारी पाच तोंडं होती आणि मला या कामाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. पण ती बाई सकाळपासून पाण्याचा घोट न घेता बसली होती आणि तिच्या ठरलेल्या दिवसांतला हा शेवटचा होता. मी म्हणालो, "आज तर आहे ना मी? मग आजचं काम करतो."

दिवस कलताना तालुकदारसाहेब आले. शेरवानी, पांढरी दाढी, बोलणं मोजकं. ओटा गच्च भरलेला. रंगरावांनी हार घातला, लायब्ररीचं कौतुक सांगितलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मास्तर, वाचा आजचा पेपर."

मी ठकूबाईसमोर गेलो आणि हात पुढं केला. तिनं खंड दिला. मी खुणेचं पान उघडलं आणि नेहमीच्या आवाजात वाचायला लागलो. आधी मूळ उर्दू, मग मराठी. मराठी ऐकल्यावर ओट्यावर कुजबुज सुरू झाली.

साहेबांनी हात वर केला.

"ये हौज कहाँ है?"

मग ठकूबाईच म्हणाली, "सरायपशी हाय जी. काटं घालून बंद केल्यालं हाय."

साहेबांनी रंगरावांकडं पाहिलं. रंगराव चटकन म्हणाले, "सरकार, सफाई के वास्ते बंद किया था."

"बहुत अच्छा किया. सफाई हो गई होगी. अब खोल दीजिए." साहेबांनी आपल्या दोन चपराशांना रंगरावांबरोबर जायला सांगितलं. मग शांतपणे बसून पान खाल्लं आणि शेरेबुकात लिहिलं की इथं निरक्षर रयतेलाही जरीदा वाचून दाखवतात, ही व्यवस्था अशीच चालू ठेवावी.

त्या शेवटच्या ओळीनं माझी नोकरी वाचली. रंगरावांनी तो शेरा स्वतःचंच कौतुक म्हणून गावभर सांगितला. महिन्याभरानं हळूच येऊन म्हणाले, "मास्तर, आमच्या वरच्या बांधाचं त्यात काय निघतंय का बघा जरा." मी म्हणालो, "आत बसून वाचायला मोकळीक आहे." बसले बिचारे!

पण हे नंतरचं. त्याच दिवशी मी लायब्ररी बंद करून हौदावर गेलो. कुंपण निघालं होतं. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढून पाणी पीत होती, तिचे दीर त्यांना मागं सारत होते. ठकूबाई बाजूला उभी राहून कोकरं मोजत होती.

"पाच गेली," ती म्हणाली. "दोन काल, तीन आज सकाळी."

मी गप्प बसू शकलो असतो. तिला काही कळलं नसतं. पण मला राहवेना. मी तिला पाडव्याचं आणि दसऱ्याचं सांगितलं. आकडे मी चुकीचे घातले, ते नीट असते तर हौद पहिल्याच दिवशी सापडला असता, हे सांगितलं. साहेब आल्याशिवाय कुंपण कदाचित निघालं नसतं, पण साहेब यायला तीन दिवस असताना कागद हातात असता तर मी त्याच दिवशी गावच्या चार माणसांना सोबत घेऊन रंगरावांच्या दारात गेलो असतो.

तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मग आता नीट लावा की," ती म्हणाली. "मेंढरंवाले काय आमीच हाव का? दुसरं बी कुनी यील."

दुसऱ्या दिवसापासून मी सगळे खंड उसवायला घेतले. दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत लावून पुन्हा शिवले. पावसाळाभर ते काम पुरलं. पुढं मी अनेक वर्षं ही नोकरी केली आणि हाताखाली आलेल्या प्रत्येकाला एकच सांगितलं: पाठीवर आकडा घालायच्या आधी आतलं पान उघडून बघा. चुकीच्या जागी ठेवलेला कागद हरवल्यातच जमा असतो, आणि तुम्ही तो शोधून काढेपर्यंत त्याची वाट बघणाऱ्याच्या मेंढरांना दम निघत नाही.