सोनचाफ्याच्या पाकळ्या किती?

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी सांगितलं, "उद्या प्रत्येकीनं चाफा आणायचा."

बाबा तेव्हा रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात चौकीदार होते. त्याआधी सारं आयुष्य हातमागावर गेलेलं. सकाळी ड्यूटीवरून येताना त्यांनी तिथल्या आवारातला पांढरा चाफा रुमालात बांधून आणला.

वर्गात सगळ्यांसमोर पिवळा सोनचाफा, माझ्यासमोर पाच पाकळ्यांचं पांढरं फूल, देठातून चीक गळणारं. "हे कण्हेरीच्या कुळातलं. सोनचाफ्याशी याचं काही नातं नाही," मॅडम म्हणाल्या. पोरी हसल्या.

शेजारी बसलेल्या मुलीनं तिचा एक सोनचाफा दिला. आधी निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी पानं मोजायची, मग पाकळ्या. मी फूल सोलत गेले. हिरवं काही निघेचना. बाहेरून आतपर्यंत सगळं पिवळं.

घरी बाबांना जरा चिडूनच सांगितलं.

"दोन्ही चाफेच ना वं? मंग नातं काहून नाही?"

संध्याकाळी ते इतवारीच्या बाजारातून ओंजळभर सोनचाफा घेऊन आले आणि पेपर पसरून बसले. सुतं मोजणारी बोटं होती ती. पहिल्या फुलाच्या पंधरा निघाल्या, दुसऱ्याच्या तेरा, तिसऱ्याच्या सोळा.

"लुगड्याचा काठ कुठं सरते हे डोळे मिटूनही हाताले समजते," ते म्हणाले. "याचं काहीच समजून नाही राहिलं मले."

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, हे कूळ फार जुनं, मधमाश्यांच्याही आधीचं. तेव्हा फुलांवर भुंगेरे यायचे. निदलं वेगळी आणि पाकळ्या वेगळ्या, अशी वाटणी या फुलांत नीट झालीच नाही.

"मग बाकीच्या फुलांत ती कशी झाली?"

"त्यावर अजून वाद चालू आहेत," असं म्हणून त्या फळा पुसायला लागल्या. माझा गोंधळ वाढलाच.

प्रात्यक्षिक परीक्षेत नेमकं तेच फूल आलं. निदलांच्या रकान्यात मी लिहिलं, 'वेगळी ओळखता येत नाहीत.' बाहेरून आलेल्या सरांनी ते वाचून विचारलं, "नक्की?"

"नाही सर," माझ्या तोंडून निघून गेलं.

ते हसले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. मी पास झाले. रकान्यात काय लिहिलं तेही बाबांना सांगितलं.

"समजलं नाही असं लिहिलं, अन् पास केलं तुले?"

"समजलं नाही असं नाही बाबा, ओळखता येत नाही असं."

"त्यात फरक काय?"

"उद्या दोन्ही चाफे आणा बाबा," मी म्हटलं, "शेजारी शेजारी ठेवून बघू."