गळका तांब्या

नवऱ्याला हे सांगितलं नाही. तो गेला. सासूबाईंना सांगितलं नाही — त्याही गेल्या, आणि जाताना माझ्या वाटणीचा दोष स्वतःच्या पदरात बांधून गेल्या. देवापुढं म्हणाल, तर विभूती लावताना मी मुद्दाम दुसरंच बोलत राहते — नातीची परीक्षा, माझे गुडघे, कूलरचा बिघडलेला पंप. त्याला मधे बोलायला जागाच ठेवत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. जरा जवळ सरका. पलीकडच्या खाटेवर महानंदा झोपली आहे.

महानंदा माझी धाकटी जाऊ. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या नांदेडला माझ्या लेकाकडं असतो. पण गोष्ट लातूरची आहे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. उदगीरकडचं आमचं गाव सोडून माझे मालक आणि धाकटे दीर तिथं आले आणि नव्या कचेऱ्यांच्या रस्त्याला त्यांनी चहा-भज्यांचं हॉटेल टाकलं. गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. रोज नवा साहेब, नवा कारकून, नवी पाटी. फक्त पाऊस रुसून बसलेला. जिल्हा झाला, पण पाणी तालुक्याचंच राहिलं, असं मी म्हणायची आणि स्वतःच हसायची. माझ्या विनोदाला घरात दुसरं कोण हसणार? महानंदा हसायची. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तिचं. देगलूरची पोर. बोलता बोलता मधेच एखादा तेलुगू शब्द टाकायची आणि जीभ चावायची.

हॉटेलाचं आणि घराचं सगळं पाणी आम्ही दोघींनी आणायचं. टँकर कोपऱ्यावर भर दुपारी यायचा. डांबर चपलेला चिकटायचं. महानंदा डोक्यावर दोन घागरी, कमरेवर एक घेऊन असं चालायची की वरच्या घागरीतलं पाणी हलायचं नाही. रांगेतल्या बाया तोंडाकडं बघत राहायच्या. आणि मी? मी एक हंडा आणायची, त्यातला अर्धा माझ्या लुगड्यावर. मी थोरली सून ना! थोरलीनं टँकरच्या रांगेत भांडायचं म्हणजे काय?

तर एका दुपारी मी आजारी पडायचं ठरवलं.

काय नाटक केलं म्हणता! चुंबळ फेकली, हंडा सोडून दिला — पण रिकामा, भरलेला सोडायची हिंमत नव्हती — आणि उंबऱ्यावर जी आडवी झाले ती डोळे पांढरे करूनच. मधेच एक डोळा किलकिला करून बघितलं, कोणी बघून राहिलंय का. सगळेच बघत होते. मग कण्हले. आज आठवलं की मलाच माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते, आणि हसूही येतं. एवढा जीव मी स्वयंपाकात कधी ओतला नाही.

सासूबाई म्हणाल्या, ऊन लागलं. आणि उठल्या तांब्या आणायला.

आमच्याकडं ऊन लागलं की तांब्या लावायचे. माणसाच्या पायाशी परात ठेवायची, तिच्यात पाणी, मधोमध कणकेचा पेटता दिवा, आणि दिव्यावर तांब्या पालथा घालायचा. दिवा आत विझतो आणि परातीतलं पाणी गुडगुड करत तांब्यात चढतं. पाणी चढलं की समजायचं, अंगात ऊन होतं, ते तांब्यानं ओढून घेतलं. चढलं नाही तर ऊन नाही. सासूबाईंचा हात त्यात नावाजलेला. गल्लीतल्या बाया लेकरं घेऊन यायच्या.

मी डोळे मिटून पडले होते, पण कान परातीकडं होते. मला ऊन लागलेलं नव्हतं. आता पाणी चढणार नाही आणि चारचौघांत माझी शोभा होणार — पळू कुठं? तेवढ्यात गुडगुड आवाज आला. पाणी चढलं! चांगलं दणकून चढलं. सासूबाई म्हणाल्या, 'लई ऊन हाय गं अंगात. हिला उठू दिऊ नगा.'

मी जिंकले. आणि अडकले.

पत्र्याच्या खोलीत खिडकीला ओलं गोणपाट लावून मला निजवलं. तळपायाला कांदा चोळला, डोक्यावर कांद्याचा लगदा, तोंडी लावायलाही कांदाच. आंबा बंद, भजी बंद, बोलणं बंद. गोणपाट वाळलं की खोलीची भट्टी व्हायची. रोज संध्याकाळी तांब्या, रोज पाणी चढणार, रोज तेच — 'अजून हाय ऊन.' खरी आजारी असते तर बरी झाले असते. खोटी होते, मग बरी कशी होणार? आणि मी बरी नाही म्हणून माझ्याही वाटणीचं पाणी महानंदा आणत होती. भर उन्हात, खेपांवर खेपा. येता-जाता दारातून विचारायची, 'अक्का, बरं वाटतंय का?' मी कण्हून उत्तर द्यायची.

एका दुपारी खोलीत मी आणि परात, दोघीच. परात माझ्यापासून लांब, भिंतीकडं ओढली, पाणी घातलं, देवापुढची वात पेटवून कणकेत खोचली आणि तांब्या पालथा घातला. पाणी चढलं. आता सांगा — ऊन कोणाला लागलं होतं? परातीला? म्हणजे तांब्याला माणसाचं काही कळत नव्हतं. दिवा विझला की तो पाणी ओढायचा, पायाशी मी असो की रिकामी भिंत. मग फळीवरचा दुसरा तांब्या घेतला. तसाच दिसायला, पण बुडाला सुईएवढं भोक. त्याला डाग द्यायचा राहून गेला होता. तो पालथा घातला. पाण्याचा थेंब वर आला नाही.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंच्या हाताशी गळका तांब्या ठेवला. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं. पाणी चढलं नाही. 'उतरलं गं बाई ऊन,' असं म्हणत त्यांनी कडाकडा बोटं मोडली. मी सुटले. त्या रात्री भजी खाल्ली. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते, की कधी एकदा महानंदाला सगळं सांगते आणि दोघी मिळून हसतो, असं झालं होतं.

तेव्हाच सांगितलं असतं तर?

नाही सांगितलं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी महानंदा सकाळीच भिंतीला टेकून बसली. तोंड लालबुंद, आणि घामाचा थेंब नाही. म्हणाली डोकं भणभणतंय, डोळ्यापुढं अंधारी येते. सासूबाईंनी पायाशी परात ओढली आणि मला म्हणाल्या, तांब्या आण.

आता मी जे सांगणार आहे, त्याच्याभोवती मी एवढा वेळ घिरट्या घालून राहिले — तुमच्या लक्षात आलंच असेल.

फळीवर दोन तांबे होते. मला एवढंच दिसलं, की पाणी चढलं तर ही निजणार. ही निजली तर टँकरवर मी. एकटी. हॉटेलाचं आणि घराचं. किती दिवस कोण जाणे. चुकून हात गेला असं म्हणू का? नाही गेला चुकून. मी बोटानं बूड चाचपलं. भोक लागलं बोटाला. तोच तांब्या उचलला आणि सासूबाईंच्या हातात दिला.

पाणी चढलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, 'काय ऊन न्हाई न् बिन न्हाई. थोरलीचे लाड बघून हिलाबी निजायचं हाय.'

महानंदानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणावं काहीतरी, असं तिला वाटलं असेल. मी परातीतलं पाणी कुंडीत ओतायला निघून गेले. ती उठली, चुंबळ घेतली. 'ऱ्हाऊ द्या आत्याबाई, जाते मी,' एवढंच बोलली.

भर दुपारी रांगेत पडली ती. घागरी घेऊनच पडली. लोकांनी हातगाड्यावर घालून आणली तेव्हा तिचं अंग तव्यासारखं होतं आणि हातपाय झटके देत होते. दवाखान्यात बर्फ लावला, सलाइन लावलं. डॉक्टर विचारत होते, सकाळपासून त्रास होता तर उन्हात पाठवलं कोणी? सासूबाई पुढं झाल्या. 'म्या पाठिवली. माझ्या तांब्यानं सांगितलं, ऊन न्हाई.' डॉक्टर त्यांना सगळ्यांदेखत लागेल असं बोलले. पोटचे लेक बोलले. मी तिथंच होते, दाराला पाठ लावून. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. कण्हायला मात्र मला किती छान येत होतं!

महानंदा जगली. पण हात थरथरायला लागले, ते थांबलेच नाहीत. जीभ जड झाली, चालताना तोल जातो. डॉक्टर म्हणाले, उष्णता मेंदूत गेली. जिच्या डोक्यावरच्या घागरीतलं पाणी हलत नव्हतं, तिच्या हातातून पेला सांडतो. म्हणून तिला पेला अर्धाच भरून द्यायचा. तो मी भरते. तिची वेणी घालते, चोळीची बटणं लावते, भाकरी कुस्करून देते. दीर भले माणूस, त्यांनी तिला अंतर दिलं नाही. पण तिचं सगळं केलं मी. पावणेरावळे म्हणतात, जाऊ असावी तर अशी. लेक सुनेला सांगतो, माझ्या आईकडून शिक. मी मान खाली घालते, तर म्हणतात, बघा, गर्वसुद्धा नाही! ह्या कौतुकातून बाहेर पडायला एकच दार आहे, आणि ते कुठं आहे हे फक्त मला माहीत आहे. इतकी वर्षं मी त्या दाराला पाठ लावून उभी आहे.

सासूबाईंनी पुन्हा कोणाला तांब्या लावला नाही. बायका लेकरं घेऊन यायच्या, त्यांना परत पाठवायच्या. म्हणायच्या, माझा हात खोटा निघाला. आणि मी — पुढच्याच आठवड्यात कल्हईवाल्याकडून तांब्याला डाग देऊन घेतला. एवढी मी शहाणी!

ह्या उन्हाळ्यात नात कॉलेजातून येताना चक्कर येऊन पडली. ऊन लागलं होतं. दवाखान्यात सलाइन लावलं, संध्याकाळी तर उठून मोबाइल बघत बसली. महानंदा दिवसभर तिच्या पायाशी बसून होती. रिक्षानं घरी आलो, मी महानंदाला पाणी द्यायला गेले, तेव्हा तिनं विचारलं. शब्द सावकाश येतात तिचे, थांबून ऐकावे लागतात.

'अक्का, पोरगी उठून बसली. मला त्या दिशी पाणी चढलं न्हवतं. म्हंजे ऊन न्हवतंच. मग माझं अंगच खोटं होतं का गं पहिल्यापासून?'

एवढी वर्षं ती हे धरून बसली होती. तांब्यावर तिचा विश्वास होता.

मी म्हणाले, 'पाणी पी.' आणि अर्धा पेला तिच्या ओठाला लावला. ती प्यायली. थोडं हनुवटीवरून सांडलं. ते मी पदरानं पुसलं.