संत जोसेफची पंगत

गेल्या वर्षीची २० मार्च, सकाळी सव्वासहा, गावच्या चौकातला बसथांबा. हजर: रोझा, वय ब्याऐंशी, आमची घरमालकीण, वीतो, निवृत्त न्हावी, बॅगा उचलायला आलेला पण पाठ धरल्यामुळे नुसताच उभा, आणि मी. सामान: दोन बॅगा, कागदपत्रांची एक फाइल, पिशवीत न मावणारा एक गोल पाव. गैरहजर: माझा नवरा. तो आधीच्या जुलैत झोपेत गेला.

रडलं कोणी नाही. रोझा म्हणाली, "पाव सुरीने कापू नकोस, हाताने मोड." मी मान हलवली. बस वेळेवर आली.

ते गाव इटलीच्या अगदी दक्षिणेला, ऑलिव्हच्या बागांत. नवरा तेलाच्या घाण्यांची यंत्रं दुरुस्त करायचा, म्हणून कर्वेनगर सोडून आम्ही तिथे सतरा वर्षं राहिलो. मी पहिल्याच महिन्यात तिथल्या वर्षाची यादी केली होती. टोमॅटोचा रस बाटल्यांत भरणे, ऑगस्ट. ऑलिव्ह उतरवणे, नोव्हेंबर. मेलेल्यांसाठी रात्रभर टेबलावर पाव-पाणी ठेवणे, तेही नोव्हेंबर. आपल्या पितृपक्षाच्या रकान्याशेजारी ते मी लिहून टाकलं. इकडून तिकडे गेलेल्या सगळ्याच बायका असे दोन रकाने करत असतील.

१९ मार्चच्या रकान्यात संत जोसेफची पंगत. ज्या घरी नवस बोललेला असतो ते घर गावातल्या माणसांना संत मानून जेवू घालतं. आपल्याकडे सवाष्ण देवी म्हणून जेवते, तसंच. संतांनी बोलायचं नाही. जोसेफ झालेला माणूस ताटलीवर काटा वाजवतो, मग पुढचा पदार्थ येतो. गेल्या वर्षी नवस रोझाचा होता, गुडघ्याच्या ऑपरेशनचा. पाच संत हवे होते. तिने मला मेरीच्या आईच्या जागी बसायला सांगितलं.

मी म्हटलं, "माझा नवरा जाऊन आठच महिने झालेत."

"माझा जाऊन तीस वर्षं झाली. मग?"

"मी तुमच्या धर्माची नाही."

"जेवता येतं ना?"

एवढं बोलून ती काबुली चणे भिजवायला गेली.

बसले. जोसेफच्या जागी वीतो. पहिला पदार्थ चण्यांतला पास्ता, वर तळलेल्या पास्त्याचे कुरकुरीत तुकडे. तिथली रीत अशी की प्रत्येक पदार्थाचे दोन घास घ्यायचे, उरलेलं बांधून घरी न्यायचं. सतरा वर्षं मी हे दारातून पाहिलेलं होतं. पण बसल्यावर आईचं "पानात टाकायचं नाही" तेवढं डोक्यात राहिलं. मी सगळा पास्ता संपवायला घेतला. वीतोचा काटा हवेत. बाकीचे संत हात आवरून बसलेले, खोलीभर लोक उभे, कोणी बोलेना. मला वाटलं अजून प्रार्थना चालली आहे. ताटली पुसून घेतली तेव्हा वीतोने काटा वाजवला. मागून रोझा म्हणाली, "थांबा थोडे. बाई कधीची उपाशी आहे."

लोक हसले. चव कशी होती ते मला सांगता येणार नाही. जुलैपासून कशाचीच चव कळत नव्हती. पण पोट भरलं, हे नक्की.

नंतरच्या आठवड्यात पुण्यात. जाऊबाईंकडे चैत्रातल्या शुक्रवारी पाच सवाष्णी जेवायला असतात. पूर्वी सुट्टीवर आले की त्यांतली एक मी असायची. गेल्या वर्षी त्या म्हणाल्या, "तू आतलं बघशील ना? आंब्याची डाळ तुझ्याच हातची हवी." मी आतलं बघितलं. पाच पानं वाढली, बाहेर पाठवली. सगळे गेल्यावर ओट्याशी उभ्यानेच जेवले.

"वाईट वाटून घेऊ नकोस हं," जाऊबाई म्हणाल्या. "रीतच आहे."

"नाही वाटलं, वहिनी. हल्ली फारसं काही वाटत नाही."

ते खरं होतं. त्या वाईट नाहीत. इथला गॅस, दूधवाला, बँकेतलं नाव बदलणं, सगळं त्यांनीच लावून दिलं. लोक विचारतात, आता घर कुठलं? सतरा वर्षं मी याचं उत्तर गावाच्या नावाने दिलं. आता एवढंच सांगेन: जिथे मला बसवून कोणी वाढतं, ते. सध्या असं ठिकाण माझ्याकडे नाही. तक्रार नाही, नोंद आहे.

उद्या यंदाच्या चैत्रातला शुक्रवार. परवा जाऊबाईंचा फोन आला, "सकाळी लवकर ये, डाळ तुझ्याकडेच." यादी केली. हरभऱ्याची डाळ भिजवली. कैऱ्या किसल्या. पन्ह्याचा गूळ चिरला. केळीची पानं आणली. सांगितली होती पाच, मी सहा आणली, पुसून गुंडाळून ठेवली.

सहावं पान कुठे मांडायचं ते जाऊबाईंना विचारणे: राहिलं आहे.